दोन गाड्या आणि सूर्येवरचा पूल

मोटारगाडी हा ज्या घरात जेवणावर बोलण्याचा विषय असतो, तसल्या घरात मी वाढले नाही. आमच्या वडिलांची एक सायकल होती आणि तिच्या सुरक्षिततेची सगळी जबाबदारी एका साखळीवर आणि एका कुलपावर होती. पुढे मला नोकरी मिळाली तीही स्टेशनापासून चालत जाता येईल अशा कॉलेजात. तेव्हा पाऊण कोटीच्या आसपास किंमत असलेल्या दोन परदेशी गाड्यांपैकी अधिक सुरक्षित कोणती, हा निवाडा माझ्याकडे यावा, हे जरा विचित्रच म्हणायचे. पण आमच्या अक्काचे म्हणणे असे, की ज्याला गाडीची हौस नाही त्यानेच हे काम करावे. "तुला पेपर तपासायची सवय आहे," ती म्हणाली, "नाव झाकायचं आणि मार्क द्यायचे."

अक्काचे यजमान, आमचे दाजी, यांचा वापीला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे आणि घर ठाण्याला. आठवड्यातून दोनदा ते घोडबंदरावरून अहमदाबादच्या हमरस्त्याला लागतात आणि सुमारे दीडशे किलोमीटर जाऊन तितकेच परत येतात. वीस वर्षे हा क्रम चालू आहे. अक्काला त्याची सवय झाली होती; निदान ४ सप्टेंबर २०२२ पर्यंत तरी झाली होती.

त्या रविवारी दुपारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे स्नेही, गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. गाडी साधीसुधी नव्हती, मर्सिडीजची जीएलसी होती. ही बातमी वाचून सगळ्या देशाला हळहळ वाटली. अक्काला मात्र हळहळीबरोबर भीतीही वाटली, कारण तो पूल तिच्या घरचा होता. तेव्हापासून वापीला पोचल्याचा फोन येईपर्यंत ती देवघरासमोरून उठत नाही. आणि आता जुनी गाडी काढून नवी घ्यायची ठरली, तेव्हा तिने एकच अट घातली: दिसायला कशीही असो, 'सेफ' हवी.

दाजींच्या मनात दोन नावे होती. एक मर्सिडीजची जीएलसी, दुसरी व्होल्व्होची एक्ससी साठ. योगायोग असा, की पहिली त्यांच्या भागीदारांकडे आहे आणि दुसरी भाच्याकडे. म्हणून गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी दोन्ही गाड्या बरोबर काढून डहाणूच्या महालक्ष्मीचे दर्शन घ्यायचे आणि पुढे उदवाड्यापर्यंत जाऊन यायचे, असा बेत झाला. मनोरपर्यंत मी, आई आणि अक्का जीएलसीत. मनोरला चहा घेऊन गाडी बदलायची.

जीएलसीचे दार लावले की 'धप्प' असा एक आवाज होतो. बँकेच्या तिजोरीचा होतो तसा. त्या आवाजाने माणूस अर्धा निर्धास्त होतो, आणि मला वाटते गाडी विकणाऱ्यालाही हे ठाऊक असावे. गायमुखचा घाट उतरून आम्ही हमरस्त्याला लागलो, वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडली आणि उजव्या हाताला तुंगारेश्वराचे डोंगर दिसू लागले. सकाळचे धुके अजून त्यांच्या कमरेला होते. डोंगर पाहावेत की रस्ता, असा प्रश्न पडला. कारण रस्ताही पाहण्यासारखाच होता. अजस्र कंटेनर तिन्ही रांगा अडवून हत्तींच्या कळपासारखे डुलत चाललेले, त्यांच्या मधल्या फटींतून गाड्या सुरकांड्या मारणाऱ्या, ढाब्यातून कोणी एकदम रस्त्यावर येणारा, आणि या सगळ्यांच्या समोरून, उलट दिशेने, दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल शांतपणे येणारी. २०२४ पासून या रस्त्यावर काँक्रिटचा थर घालायचे काम सुरू झाले, त्यानेही या गोंधळात आपली भर घातली.

मी पर्समधून कागद काढला. परीक्षक म्हणून मी तयारी करून आले होते. युरोपात 'युरो एनकॅप' नावाची एक संस्था आहे. ती नव्या गाड्या मुद्दाम आपटून पाहते आणि तारे देते. या दोन्ही गाड्यांना पाच तारे आहेत, म्हणजे दोघी पहिल्या वर्गात. पण ताऱ्यांच्या आत मार्क असतात. जीएलसीची परीक्षा झाली २०१५ साली. मोठ्या माणसांच्या रक्षणाला शंभरात ९५, मुलांच्या रक्षणाला ८९, रस्त्यावरच्या पादचाऱ्याला ८२, आणि अपघात टाळणाऱ्या यंत्रणेला ७१. एक्ससी साठ बसली २०१७ च्या परीक्षेला. तिचे मार्क अनुक्रमे ९८, ८७, ७६ आणि ९५.

"म्हणजे व्होल्व्हो," पुढच्या सीटवरून दाजी म्हणाले.

"थांबा," मी म्हणाले. "पेपर वेगळे होते."

विद्यापीठात काम केलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. २०१५ चा विद्यार्थी आणि २०१७ चा विद्यार्थी यांची बेरीज समोरासमोर ठेवून कोण हुशार हे ठरवता येत नाही, कारण मध्यंतरी अभ्यासक्रम बदललेला असतो. इथेही तसेच आहे. पादचाऱ्याच्या विषयात २०१६ पासून एक नवा प्रश्न आला: माणूस आडवा आला तर गाडी आपणहून थांबते का? जीएलसीला तो सोडवावाच लागला नव्हता. आणि गंमत अशी, की त्याच जीएलसीची पुढची पिढी २०२२ साली परीक्षेला बसली, तिला मोठ्या माणसांच्या रक्षणात ९२ मिळाले. जुनीला ९५, नवीला ९२! गाडी बिघडली नाही, पेपर अवघड झाला. २०२० पासून समोरून आपटायची रीतच बदलली होती. शोरूममधला टायघातलेला मुलगा तारे दाखवतो. सालाबद्दल विचारावे तर तो बूट सिस्टिमची जाळी आणि संगीताची सोय यांकडे वळतो.

विरार फाट्याच्या पुढे एक वारली बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन दुभाजकावर उभी होती. एक पाय खाली, एक वर, आणि कंटेनरांच्या कळपात फट कधी पडते इकडे डोळे. आमच्या गाडीने वेग कमी केला, मागच्याने कर्णा वाजवला, आणि ती धावत निघून गेली. ८२ आणि ७६ हे मार्क तिच्या खात्यातले होते. गाडी घेणारा माणूस ते मार्क सहसा वाचत नाही, कारण त्या रकान्यात तो स्वतः नसतो. मला मात्र तो रकाना सगळ्यांत मोलाचा वाटला आणि मी कागदावर त्याच्याखाली रेघ ओढली.

या सगळ्या वेळात आईने पट्टा लावलेला नव्हता.

निघताना मी सांगितले होते, अक्काने सांगितले होते, समोरच्या काचेखाली लाल खूण पेटून गाडीनेही सांगितले होते. आईचे उत्तर एकच. "पुढे बसणाऱ्यांनी लावायचा तो. मागे आहे काय आपटायला?" आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि उंचीने बेताची. पट्टा ओढला की तो खांद्यावर बसायच्या ऐवजी मानेला घासतो. शिवाय पदर चुरगळतो, आणि एखाद्याला बांधून ठेवल्यासारखे वाटते ते वेगळेच. ही तक्रार खोटी नाही. आमच्या शेजारणीही हेच सांगतात. एक तर मी असे पाहिले आहे, की नव्या गाडीला दुकानातून कव्हरे घालून आणतात आणि त्या कव्हराखाली मागची बकले कायमची गाडली जातात. पट्टा न लावता ती किणकिण बंद व्हावी म्हणून नुसती चिमट्यासारखी खोटी जीभ विकत मिळत असे. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानदार कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. जीव वाचवणाऱ्या घंटेचे तोंड बंद करायला पैसे मोजणारे लोक आपण!

मनोरला बटाटेवडा आणि चहा झाला. भागीदार आपल्या गाडीचे गुण सांगत होते, भाचा आपल्या. दोघेही लग्नाच्या मुलीबद्दल बोलावे तसे. भागीदारांचा सगळा जोर जर्मन बांधणीवर. "काहीही होवो, सांगाडा हलणार नाही." भाच्याचा जोर स्वीडिश सावधपणावर: समोर माणूस, सायकल किंवा मोठे जनावर आले तर त्याची गाडी स्वतःच ब्रेक लावते. स्वीडनच्या जंगलात मूस नावाचे सांबरापेक्षा थोर जनावर रस्त्यावर येते, म्हणून त्यांनी ही विद्या शिकवली आहे. आपली म्हैस तिला कळते का, असे मी विचारले. भाचा म्हणाला, "मावशी, म्हशीपुढे मी स्वतःच ब्रेक लावतो." मला त्याचे उत्तर गाडीच्या उत्तरापेक्षा अधिक आवडले.

आम्ही व्होल्व्होत बसलो. हिचे दार तिजोरीसारखे वाजत नाही, नुसते लागते. आत शांत, फिकट रंगाचे चामडे, आणि एखाद्या नीटनेटक्या दवाखान्यात बसल्याची भावना. या कंपनीने २०२० पासून आपल्या नव्या गाड्यांचा वेग ताशी १८० किलोमीटरवरच अडवून टाकला आहे. मला ही गोष्ट फार भावली. एरवी कोणत्या उत्पादकाने आपल्या मालाला आपण होऊन लगाम घातला आहे? ही कंपनी २०१० पासून चीनच्या जीली या उद्योगाच्या मालकीची आहे. पण गोथेनबर्गच्या इंजिनिअरांची वळणे मालकाबरोबर बदललेली दिसत नाहीत.

आता या दोन घराण्यांची कुळकथा सांगते, कारण तिच्यात मला आमच्या प्रवासाचे सारे मर्म सापडले.

साल १९५९. जर्मनीत मर्सिडीजकडे बेला बारेन्यी नावाचा, ऑस्ट्रियात जन्मलेला एक इंजिनिअर होता. तोवर सगळ्यांचा समज असा, की गाडी जितकी कणखर तितकी ती सुरक्षित. बारेन्यी म्हणाला, नाही. मधली खोली कणखर असावी आणि पुढचा-मागचा भाग चुरडणारा असावा, म्हणजे धडकेचा जोर चुरडण्यातच खर्च होईल. या कल्पनेच्या पेटंटसाठी त्याने १९५१ मध्ये अर्ज केला होता, आणि १९५९ च्या उन्हाळ्यात तिच्याबरहुकूम बांधलेली पहिली गाडी बाजारात आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला झिंडेलफिंगेनच्या कारखान्याजवळच्या मोकळ्या जागेत मर्सिडीजने आपली पहिली गाडी मुद्दाम आपटून पाहिली. आपल्या कोकणपट्टीतल्या माणसाला हे समजवायला इंजिनिअर नको. सोललेला नारळ दगडावर पडला की फुटतो; सोडणासकट माडावरून पडला तरी आत खोबरे शाबूत राहते. बारेन्यीने गाडीला सोडण दिले.

आणि त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट महिन्यात, स्वीडनमध्ये व्होल्व्होची पहिली गाडी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा लावून गिऱ्हाइकाकडे निघाली. तो पट्टा निल्स बोलिनचा. बोलिन आधी विमानाच्या कारखान्यात होता. संकटकाळी वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रे तो बनवी. माणसाला फेकण्याचे शास्त्र जाणणाऱ्याने माणसाला धरून ठेवण्याची युक्ती काढली. एक पट्टी मांड्यांवर, एक छातीवरून तिरपी, आणि एका हाताने लागेल असे एकच बकल कमरेपाशी. कंपनीने या शोधाचे पेटंट इतर सगळ्या मोटार कारखान्यांना खुले करून दिले. म्हणून आज मर्सिडीजमध्ये जो पट्टा आहे तो व्होल्व्होचा, आणि व्होल्व्होचे जे नाक चुरडते ते मर्सिडीजच्या विचाराचे. भागीदार आणि भाचा मनोरला ज्यावरून भांडत होते ते असे एकमेकांत केव्हाच मिसळून गेले आहे.

सोडण आणि पट्टा यांतले एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही. कवटी शाबूत राहिली आणि आतले खडे मोकळे असले तर त्याला आपण नारळ म्हणत नाही, खुळखुळा म्हणतो.

मी हे बोलत होते आणि भाच्याने वेग कमी केला. "मावशी, पूल."

चारोटीचा पूल दिसायला काहीच नाही. तीन रांगांचा रस्ता तिथे दोन रांगांचा होतो आणि कठडा पुढे येतो. खाली सूर्या, जानेवारीत ती दगडांतून रुंद आणि शांत वाहत होती. धामणीच्या धरणातून सुटलेले हिचेच पाणी वसई-विरारच्या नळांना येते. गाडी पुलावरून गेली तेव्हा मी मनातल्या मनात आकडे मोजले, आणि पुलाच्या त्या टोकाला पोचेपर्यंत दहासुद्धा झाले नाहीत. अपघाताच्या चौकशीत मर्सिडीज कंपनीने दिलेला हिशेब वर्तमानपत्रांत आला होता: आदळण्याच्या पाच सेकंद आधी गाडीचा वेग ताशी शंभर किलोमीटर, आदळली तेव्हा ८९. आता २०१५ आणि २०१७ च्या परीक्षेत गाडी समोरून आपटत ती ताशी ६४ वर, तेही मऊ जाळीच्या ठोकळ्यावर. शाळेतले गणित करून पाहा. धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६४ चा वर्ग ४०९६, आणि ८९ चा ७९२१. जवळजवळ दुप्पट. आणि समोर जाळी नव्हे, काँक्रिट. तरीही पुढचे दोघे वाचले. गाडीने आपले काम केले होते.

शिवाय मार्कांच्या तळाशी बारीक अक्षरांत नसलेली, पण सगळ्यांत महत्त्वाची एक गोष्ट आहे: त्या परीक्षेत गाडीत बसवलेला पुतळा पट्टा लावूनच बसतो. पुढेही आणि मागेही. ९५ आणि ९८ हे त्याचे मार्क आहेत. आईचे नव्हेत.

अक्का खिडकीबाहेर पाहत होती. ती म्हणाली, "मागचे दोघे." एवढेच म्हणाली. मग वळून आईला म्हणाली, "ह्यांच्या मागे बसतेस तू नेहमी. काही झालं तर तू जाऊन ह्यांच्या पाठीवर आदळशील. तुला चालेल?"

आईने उत्तर दिले नाही. स्वतःला काही होईल हा मुद्दा ती वीस वर्षे उडवून लावत आली होती. जावयाला आपल्यामुळे काही होईल, हा मुद्दा तिच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता. खरे तर ठेवायला हवा तो हाच. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पट्टा न लावलेले १६,७१५, आणि त्यांतले ८,३३१ गाडी चालवणारे नव्हते, नुसते बसलेले होते. मागच्या आसनालाही पट्टा हवा हा नियम आपल्याकडे आधीपासूनच होता, हजार रुपये दंडासकट. मुंबईच्या पोलिसांना १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली.

महालक्ष्मीच्या देवळात गर्दी बेताची होती. चैत्रातल्या यात्रेला इथे वारल्यांची रीघ लागते. जानेवारीत नारळवाले आणि चिकूवालेच अधिक. दर्शन घेऊन परत गाडीपाशी आलो तर आई आधीच बसली होती आणि पदर सरळ करून पट्ट्याशी झटत होती. मी जवळ गेले. पाठ अगदी मागे टेकवायची, पदराची चुणी पट्ट्याखाली येऊ द्यायची नाही, खालची पट्टी पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडांवर. असे केले तर मानेचा त्रास निम्मा होतो. उशी खाली घेऊ का, असे तिने विचारले. उशी घेऊ नये. धक्क्याला माणूस पट्ट्याखालून निसटतो. 'टक्' असा आवाज झाला. अक्काने माझ्याकडे पाहिले; कोणी काही बोलले नाही.

तलासरीच्या पुढे ताडांची झाडे दाट होतात, आच्छाडला महाराष्ट्र संपतो आणि रस्त्यावरच्या पाट्या गुजराती बोलू लागतात. उदवाडा हमरस्त्यापासून समुद्राच्या बाजूला आत आहे. १७४२ पासून पारश्यांचा पवित्र अग्नी, इराणशाह, या गावी आहे. आमच्यासारख्या परधर्मीयांना आत जाता येत नाही; पण गावातून फिरता येते. ओटे असलेली जुनी लाकडी घरे, कुलूपबंद दारे, एखाद्या व्हरांड्यात झोपाळ्यावर एकटीच बसलेली म्हातारी. थंडीचे दिवस म्हणून सकाळी 'दूध ना पफ' मिळतो, पण तो आम्ही पोचेपर्यंत संपला होता. त्या सप्टेंबरातल्या रविवारी मिस्त्री आणि त्यांची मंडळी याच गावाहून दर्शन घेऊन परत निघाली होती. आम्हीही इथूनच त्याच रस्त्याने परत निघणार होतो. गल्लीत आमच्या दोन्ही गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि खरे सांगायचे तर लांबून मला त्यांतली कोणती कोणाची हे ओळखता येईना.

परतताना दाजींनी निकाल मागितला. मी सांगितले तो असा. एकट्याने आठवड्यातून दोनदा हा रस्ता कापायचा असेल तर माझे एक-दोन मार्क व्होल्व्होला अधिक. कारण ती धडक सोसण्याआधी टाळण्याचा विचार जास्त करते असे तिच्या वागण्यावरून वाटते, आणि वेगाचा लगाम तिने स्वतःला घातला आहे. पण जीएलसी घेतलीत तर नवी घ्या. सात वर्षांनंतरच्या अवघड पेपरातही तिने पाच तारे टिकवले आहेत, आणि टाळण्याच्या विषयात ७१ वरून ८४ वर आली आहे. मागे आई आणि अक्का बसणार असतील तर दोघींत मला काही अंतर दिसले नाही. "आणि चारोटीला कोणतीही गाडी असली तरी साठाच्या वर जाऊ नका," असे अक्काने त्यात जोडले. परीक्षकाच्या निकालावर बाहेरच्या माणसाने शेरा मारायचा नसतो, पण हा मी राहू दिला.

मार्च महिन्यात दाजींनी व्होल्व्हो घेतली. माझ्या मार्कांमुळे नव्हे. अक्काला आतला फिकट रंग आवडला म्हणून. रंग फिकट म्हणून तो मळणार, आणि मळणार म्हणून मागच्या आसनाला खोळ हवी, अशी अक्काची मागणी आईकडे गेली. आईने जुन्या इरकली लुगड्याची खोळ शिवली. बसवून पाहिली तर बकले तिच्याखाली गडप. तेव्हा आईने ती परत उतरवली, चष्मा लावला, कात्री घेतली आणि बकलांच्या जागी तीन काजे पाडून त्यांना चारी बाजूंनी काजटाका घातला. मधले काज जरा तिरके झाले आहे.